पानावरचा फोटो, भिंतीवरचा फोटो : तरुण सुनील जानांविषयी

बंगालच्या १९४३च्या दुष्काळावर मराठीत काही छापून आलं की सोबत बहुधा एक फोटो असतो. बरगड्या मोजता येतील अशी आई, तिच्या अंगाला चिकटलेलं मूल, मागे कलकत्त्याचा फूटपाथ नाहीतर नुसती उजाड जमीन. खाली दोन शब्द : ‘बंगालचा दुष्काळ’. फोटो कुणी काढला, कुठल्या गावात काढला, कशासाठी काढला आणि पहिल्यांदा कुठे छापला, यातलं काही लिहिलेलं नसतं. अशा फोटोंमधले कितीतरी सुनील जानांचे आहेत. फोटो सगळ्यांच्या ओळखीचा आणि फोटोग्राफर अनोळखी, अशी ही स्थिती आहे.

जानांवर जे थोडंफार लिहिलं गेलं आहे ते बहुतेक इंग्रजीत, आणि त्यात दोन जाना भेटतात. एक दुष्काळाचे, मोर्च्यांचे, फाळणीच्या आगेमागेच्या दिवसांचे जाना. दुसरे आदिवासींचे, नर्तकींचे, पोलादाच्या कारखान्यांचे, देखणे फोटो काढणारे जाना. पहिल्याला इतिहासकार वापरतात, दुसऱ्याला कलादालनं. मला या वाटणीचं समाधान होत नाही. १९४३ ते १९४८ या पाच वर्षांत एक पंचविशीचा मुलगा फोटोग्राफर म्हणून कसा घडला हे नीट पाहिलं, तर दोन्ही जाना एकाच जागी तयार झालेले दिसतात. ती जागा म्हणजे एका राजकीय साप्ताहिकाचं छापील पान. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे.

आधी माणसाविषयी. जानांचा जन्म १९१८चा, आसामातल्या दिब्रुगढचा. वाढले कलकत्त्यात. मध्यमवर्गीय घर, इंग्रजी साहित्याचं शिक्षण, विद्यार्थी चळवळीतून डाव्या विचारांशी जवळीक, आणि फोटो काढण्याचा छंद. दुष्काळाने ज्यांना घराबाहेर काढलं त्या वर्गातले ते नव्हते. हे सांगायचं कारण असं, की अलीकडे एखाद्या नव्या फोटोग्राफरचा परिचय देताना आधी त्याच्या जन्माची हकिगत सांगतात आणि मग फोटो त्या हकिगतीचा पुरावा म्हणून दाखवतात. जानांच्या बाबतीत ही किल्ली चालत नाही. त्यांची पार्श्वभूमी त्यांना फोटोंतल्या माणसांच्या जवळ नेत नाही, उलट लांब उभं करते. ते अंतर त्यांनी कसं कापलं आणि कुठे कापलं नाही, हे पाहण्यासारखं आहे.

१९४३मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर निघाले. त्यांनी जानांना एम.ए.चा अभ्यास सोडायला लावून सोबत घेतलं. चित्रकार चित्तप्रसादही या कामात होते. जोशींनी लिहायचं, चित्तप्रसादांनी रेखाटनं करायची, जानांनी फोटो काढायचे आणि सगळं ‘पीपल्स वॉर’ या पक्षाच्या साप्ताहिकात छापायचं, अशी ही विभागणी. कॅमेरा हाती असलेल्या हौशी मुलाला कुणी पोरगा पाठवून फोटो मागवले नाहीत. त्याला लेखकाच्या शेजारी बसवलं, हे महत्त्वाचं.

त्या वेळी बातमीचीच टंचाई होती. बंगाल सरकारने दुष्काळ संहितेनुसार दुष्काळ जाहीर केलाच नाही. जाहीर केला असता तर मदतीची कामं कायद्याने सुरू करावी लागली असती. युद्धकाळातल्या बंधनांमुळे वर्तमानपत्रं जपून लिहीत. कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यावरच्या भुकेल्यांचे फोटो छापले, तेव्हा कुठे शहराबाहेरच्या जगाला धक्का बसला. सरकारी चौकशी आयोगाने १९४५मध्ये मृतांचा आकडा १५ लाखांच्या आसपास सांगितला. अमर्त्य सेन यांनी पुढे जो हिशेब मांडला तो ३० लाखांच्या घरात जातो. म्हणजे १९४३मध्ये फोटोचं पहिलं काम दुःख दाखवणं हे नव्हतं. हे घडतं आहे, एवढंच शाबीत करायचं होतं. जानांच्या सुरुवातीच्या फोटोंत जो कोरडेपणा आहे तो मला इथून आलेला वाटतो. ओरिसातल्या दुष्काळाचा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे : जमिनीवर पसरलेली हाडं, कवट्या आणि तिथे एक कुत्रा. त्यात छायाप्रकाशाची करामत नाही. पंचनाम्यासारखा फोटो आहे.

आता पानाकडे येतो. मी विद्यापीठात शिकलेला नाही. एका ग्रंथालयात जुने अंक पाहायला मागितले तेव्हा मला मार्गदर्शकाचं पत्र आणायला सांगितलं होतं, आणि मला मार्गदर्शक नाही. पण विशीपासून पुढची बरीच वर्षं मी छापखान्यात काढली आहेत, आणि आमच्या जिल्ह्याच्या गावी ऑफसेट स्थिरावायच्या आधीचे ब्लॉक मी हाताळले आहेत. त्या अनुभवावर पुढचं लिहितो आहे.

हाफटोन ब्लॉक करायचा म्हणजे फोटो जाळीतून घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके करायचे, ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, ॲसिडने पत्रा खायला लावायचा आणि तो लाकडाच्या ठोकळ्यावर खिळ्यांच्या उंचीला बसवायचा. कागद गुळगुळीत असेल तर जाळी बारीक चालते. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला ५५ ते ६५ रेघांची जाडी जाळीच लागते, नाहीतर ठिपक्यांमधली जागा शाईने भरून सगळं काळं होतं. त्यात युद्धामुळे कागदाचं रेशनिंग. अशा छपाईत करड्या रंगाच्या बारीक छटा टिकत नाहीत. गर्दीतल्या दहा चेहऱ्यांचा लगदा होतो. झाडाखाली बसलेला सावळा माणूस झाडातच मिसळून जातो. टिकतं काय, तर एक मोठा आकार, त्याच्या कडेला स्वच्छ उजेड, आणि मागे काहीच नाही.

जानांचे १९४४-४५नंतरचे शेतकऱ्यांचे, मजुरांचे फोटो डोळ्यांसमोर आणा. कॅमेरा खाली, माणूस वर, मागे नुसतं आकाश. समीक्षक या कोनाला सोव्हिएत भित्तिपत्रकांचा, समाजवादी वास्तववादाचा वारसा म्हणतात. तो असेलही. पक्षाच्या कार्यालयात ती पत्रकं असणारच. पण ज्याने आपला आठवड्यापूर्वीचा चांगला फोटो छापून आल्यावर काळ्या डागासारखा झालेला पाहिला आहे, तो पुढच्या खेपेला गुडघ्यावर बसतो आणि आकाश मागे घेतो. त्यासाठी विचारसरणी लागत नाही. चौकोनी निगेटिव्हचा, कंबरेपाशी धरून वरून काचेत पाहायचा दोन भिंगांचा कॅमेरा त्या काळात सर्रास वापरात होता. तोही माणसाला आपोआप थोडं खालून पाहतो. त्या ‘वीरश्री’चा निम्मा उगम जाड्या जाळीत आहे, असं माझं मत आहे. पुढे हेच फोटो आर्ट पेपरवर छापले गेले तेव्हा त्यांना ‘शिल्पासारखे’ म्हटलं गेलं. शिल्पासारखे ते आहेतच. मातीच्या कागदावर उभं राहण्यासाठी ते तसे झाले.

याची दुसरी बाजू दुष्काळाच्या फोटोंत दिसते. तिथे माणसं जमिनीवर बसलेली, आडवी पडलेली असतात आणि फोटो काढणारा बहुधा उभा. आपण त्यांच्याकडे वरून पाहतो. १९४३चा वरून पाहणारा जाना आणि दोन वर्षांनंतरचा खालून पाहणारा जाना, यांच्यामध्ये काहीतरी घडलं आहे. मरणाऱ्या माणसांचे फोटो काढणं किती अवघड गेलं याविषयी जाना पुढे बोलले आहेत, लिहिलंही आहे. त्यांच्या मनावरचा तो भार खरा होता याबद्दल मला शंका नाही. पण समीक्षकाने कबुलीजबाबावर थांबू नये. कॅमेऱ्याची उंची बदलली, ही निगेटिव्हवर उमटलेली गोष्ट आहे.

मला जिथे जाना कमी वाटतात ती जागाही इथेच आहे. त्याच कामातल्या चित्तप्रसादांशी त्यांची तुलना करून पाहावी. मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडून चित्तप्रसादांनी ‘हंग्री बेंगॉल’ ही सचित्र पुस्तिका केली. तिच्या ५००० प्रती सरकारने जप्त करून जाळल्या असं सांगतात. एक प्रत कुटुंबाकडे उरली आणि तिच्यावरून २०११मध्ये हुबेहूब आवृत्ती निघाली. त्या पुस्तिकेत रेखाटनाशेजारी माणसाचं नाव येतं, गाव येतं, काय विकलं, कोण मेलं हे येतं. कारण उघड आहे. चित्र काढायला माणसासमोर बसावं लागतं, अर्धा तास, तासभर. तेवढ्या वेळात नाव विचारलं जातं. फोटोला क्षण पुरतो. जानांच्या दुष्काळी फोटोंतल्या माणसांना नावं नाहीत. अनाथ मुलं, भुकेलेली आई, अन्नछत्रापुढची रांग. यंत्राचा वेग हा जसा त्यांचा फायदा तसा तोटाही. साप्ताहिकात ही उणीव भरून निघे, कारण शेजारी जोशींचा मजकूर असे. गाव कुठलं, भाताचा भाव काय, कुठे किती माणसं गेली, हे लिहिलेलं असे. फोटो अर्धाच होता आणि त्याचा दुसरा अर्धा भाग शेजारच्या रकान्यात छापलेला होता.

अर्थात त्या रकान्यालाही आपली बाजू होती, हे मराठी वाचकाला निराळं सांगायला नको. १९४२च्या आंदोलनात कम्युनिस्ट पक्ष नव्हता. रशियावर हल्ला झाल्यावर युद्ध ‘लोकयुद्ध’ ठरलं आणि पक्षावरची बंदी जुलै १९४२मध्ये उठली. साताऱ्यात प्रतिसरकार चालू होतं तेव्हा पक्षाची साप्ताहिकं फॅसिझमविरोधी एकजुटीची हाक देत होती. बंगालच्या दुष्काळात साठेबाज आणि नफेखोर यांच्यावर त्यांचा रोख अधिक, राज्यकर्त्यांना थेट उखडण्याची भाषा कमी. जानांच्या फोटोंवर या धोरणाचा परिणाम झाला का? मला वाटतं, फोटोच्या चौकटीत झाला नाही, पण फोटोच्या मर्यादेमुळे धोरणाचं फावलं. कॅमेऱ्याला भुकेला माणूस दिसतो. गोदामाच्या कुलपामागचा तांदूळ दिसत नाही, दिल्ली-लंडनमध्ये फिरलेली फाइल तर नाहीच. गुन्हेगार कोण, हे फोटोखाली लिहिणाऱ्याच्या हाती राहतं.

इथे अण्णा भाऊ साठ्यांची आठवण होते. ‘बंगालची हाक’ हा त्यांचा पोवाडा याच दुष्काळावरचा. गिरणगावातल्या माणसाला बंगाल कळला तो असा शाहिराच्या तोंडून. १९४४मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं, त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात मुंबईतच इप्टाची स्थापना झाली होती. पक्षाच्या साप्ताहिकाची मराठी आवृत्ती ‘लोकयुद्ध’, आणि अण्णा भाऊ तिच्याशी जोडलेले. पोवाड्याचा घाट असा असतो की त्याला शत्रूचं नाव घ्यावंच लागतं, डफावर थाप पडल्यावर गुळमुळीत राहता येत नाही. फोटोला ती सोय नाही. पण पोवाडा ऐकून घरी गेलेल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी पानावर तो चेहरा दिसत असेल, तर दोन्ही माध्यमं एकमेकांची उणीव भरून काढत होती. त्या काळातल्या सांस्कृतिक चळवळीचा अभ्यास आपण शाहिरी, नाटक, चित्रपट असे कप्पे करून करतो. फोटोला तर कप्पाही देत नाही.

जाना मुंबईत आले ते याच चळवळीत. सँडहर्स्ट रोडवरच्या, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावरच्या ‘राजभुवन’मध्ये पक्षाचं मुख्यालय होतं आणि कार्यकर्त्यांचं कम्यून. पूर्णवेळ काम, सगळ्यांचं जेवण एकत्र. इथून जाना देशभर हिंडले. मलबार, आंध्र, तेलंगणाचा लढा, किसान सभांची अधिवेशनं, पुढे कलकत्त्याच्या दंगली. गांधी, नेहरू, जिना यांचे फोटोही त्यांनी काढले. दुष्काळाच्या फोटोंची पोस्टकार्डं करून मदतनिधी जमवला गेला. पोस्टकार्ड म्हणजे पानापासून सुटलेला पहिला फोटो. तिथून वाट भिंतीकडे जाते.

१९४५-४६च्या सुमारास ‘लाइफ’ साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट भारतात आली. दक्षिणेतल्या दुष्काळी भागात जाना तिच्याबरोबर फिरले आणि त्यांची मैत्री झाली. या जोडीची गोष्ट रंगवून सांगायचा मोह अनेकांना झालेला आहे. मला त्यात एकच मुद्दा कामाचा वाटतो. तिच्या पाठीशी जगभर खपणारं, उत्तम कागदावर छापलं जाणारं साप्ताहिक होतं. जानांच्या पाठीशी रेशनच्या कागदावरचं साप्ताहिक होतं. एकाच जमिनीवर उभ्या असलेल्या दोन फोटोग्राफरांचे फोटो दोन वेगळ्या पानांसाठी होते आणि आज ते एकाच भिंतीवर शेजारी लागतात.

मग १९४८ आलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कलकत्त्याला पक्षाची दुसरी काँग्रेस झाली, जोशी गेले, बी. टी. रणदिवे आले, सशस्त्र क्रांतीचं धोरण आलं. पुढे जोशींना पक्षातूनच काढलं. जोशींचा माणूस म्हणून जानाही दूर झाले. नेत्यांच्या या उलथापालथीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. एका तिशीच्या फोटोग्राफरचं पान त्यात गेलं, हे कुणी नोंदवत नाही.

पान गेल्यावर जानांनी कलकत्त्यात व्यावसायिक काम सुरू केलं. त्याच्या आगेमागेच सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता यांच्याबरोबर ते कलकत्ता फिल्म सोसायटीच्या स्थापनेत होते. १९४९मध्ये सिग्नेट प्रेसने त्यांचं ‘द सेकंड क्रीचर’ हे फोटोंचं पुस्तक काढलं, त्याची सजावट राय यांची. कारखाने, धरणं, खाणी यांची कामं मिळाली. व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर आदिवासी भागांत फिरणं झालं आणि त्या फोटोंतून १९९३मध्ये ‘द ट्रायबल्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ आला. त्यातल्या संथाळ, गोंड, मुरिया मुलींचे फोटो देखणे आहेत. जरा जास्तच देखणे. खालून घेतलेला कोन तोच, मागचं आकाश तेच, कडेचा उजेड तोच. साप्ताहिकात या आकाराला काम होतं : समोरचा शेतकरी संपावर गेला आहे, त्याच्या मागण्या शेजारी छापल्या आहेत. ग्रंथात तोच आकार रिकामा उभा राहतो आणि पाहणाऱ्याचा डोळा उघड्या अंगावर जातो. फोटोखाली जमातीचं नाव असतं, बाईचं नसतं. १९४३ची उणीव इथेही सोबत आली, मात्र तिला झाकणारा रकाना आता उरला नव्हता. म्हणून म्हणतो की जाना दोन नाहीत. एकाच सवयीचे फोटो आधी मजकुराबरोबर आणि मग मजकुरावाचून पाहायला मिळतात, एवढंच.

काही टीकाकार यावरून जानांना आदिवासींच्या सौंदर्याचे विक्रेते ठरवतात. तो न्याय मला कठोर वाटतो. त्या फोटोंतल्या मुली दबलेल्या नाहीत. पुष्कळ जणी हसताहेत आणि कॅमेरा धरणाऱ्याला ओळखतात असं वाटतं. सरकारी मानववंशशास्त्रातल्या फोटोंत माणसं मोजपट्टीपुढे उभी केल्यासारखी असतात, तशी ही नाहीत. जवळीक आहे. नाव मात्र नाही.

पुढचं लवकर सांगून टाकतो. जाना काही काळ दिल्लीत राहिले, मग लंडनला गेले, शेवटी अमेरिकेत बर्कलीला. देश त्यांना विसरला होता. १९९८मध्ये राम रहमान यांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन मांडलं, तेव्हा पुन्हा नाव झालं. २०१२मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. नंतर लक्षात आलं की ती आपण यांना पूर्वीच दिलेली आहे. मग त्याची पद्मभूषण झाली. त्याच वर्षी जूनमध्ये बर्कलीत ते वारले. ‘फोटोग्राफिंग इंडिया’ हे त्यांच्या आठवणींचं आणि फोटोंचं पुस्तक २०१३मध्ये, ते गेल्यावर आलं.

आता दर काही वर्षांनी त्यांचे फोटो मोठ्या आकारात, पांढऱ्या भिंतीवर, भरपूर मोकळी जागा सोडून लावले जातात. खाली स्थळ आणि साल. चित्तप्रसादांच्या पुस्तिकेला जे भाग्य २०११मध्ये लाभलं ते जानांच्या पानांना लाभायला हवं. ‘पीपल्स वॉर’ आणि ‘लोकयुद्ध’ यांची ती पानं जशीच्या तशी, चार रकाने, भरलेली शाई, आरपार दिसणारी मागची छपाई, भातटंचाईच्या बातम्या आणि निधीच्या पावत्यांसकट छापली जावीत. फोटो त्यात लहान दिसतील, काळपट दिसतील. दुष्काळात ते लोकांनी पाहिले ते तसेच.